फिलिंग नाही पडत, जोड सुटतो!

"मटेरियलच चांगलं नसणार!" दातातलं फिलिंग पडलं की आपल्याकडे पहिला निकाल हा लागतो. दुसरा निकाल डॉक्टरांच्या नावाने. आणि तिसरा आपल्या मेसच्या भाकरीच्या नावाने! (मेसचे काका, रागावू नका. या लेखात तुमच्या भाकरीला मी निर्दोष सोडणार आहे.)

पण पडलेला तो पांढरा तुकडा कधी नीट हातात घेऊन बघा. पुष्कळदा तो अख्खाच्या अख्खा असतो. ना फुटलेला, ना झिजलेला. खाली दातातला खड्डाही जसाच्या तसा. म्हणजे मटेरियल टिकलं, दात टिकला, टिकला नाही तो दोघांमधला जोड. आणि फिलिंग पडलं नाही तरी जोड कडेने सुटू शकतो. मग त्या केसाएवढ्या फटीतून लाळ आणि जंतू आत जातात आणि वरून छान दिसणाऱ्या फिलिंगच्या खाली कीड पुन्हा कामाला लागते. हे जास्त वाईट, कारण ते दिसत नाही. दिसतं तेव्हा रूट कॅनालची वेळ आलेली असते.

आता मेकॅनिकलच्या टी.ई.मधल्या मुलीला दातांची उठाठेव कशाला, असं कुणी विचारेल. दोन कारणं आहेत. एक म्हणजे माझी मावसबहीण, आमची ताई, बी.डी.एस. संपवून इंटर्नशिप करते आणि सुट्टीत आम्ही एका खोलीत झोपतो. तिच्याकडून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी जे ऐकलं त्याने माझी झोप उडाली. दुसरं कारण असं की हा विषय खरं तर आपलाच आहे. वेल्डिंग असो, गॅस्केट असो, बाथरूमची टाईल असो, वस्तू मधोमध क्वचितच तुटते. ती जोडावर सुटते. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे 'अॅडहेजन'ला मराठीत काय म्हणायचं यावरच माझं घोडं अडलं होतं. आजीने एका वाक्यात सोडवलं, "अगं, जोड म्हण की!"

तर या जोडाबद्दल माझं एक मत आहे आणि ते मी आधीच सांगून टाकते. दाताला रेझिन चिकटवण्याचं शास्त्र गेली सत्तर वर्षं जोड अधिकाधिक घट्ट करण्याच्या मागे आहे. त्याने पुष्कळ मिळवलं. पण आता घट्टपणा पुरे. आता जोड सोशिक हवा. थकलेल्या हाताने, घाईत, ओल्या तोंडात लावला तरी निभावून नेणारा. नुसत्या बाटल्या आणि पायऱ्या कमी करून तो मिळणार नाही. डॉक्टरला जिथे जिथे अंदाजाने काम करावं लागतं, ते अंदाज एकेक करून काढून टाकले तरच मिळेल.

आधी थोडी पार्श्वभूमी.

आपण ज्याला 'दात' म्हणतो ती एक वस्तू नाही, दोन आहेत. वरचं एनॅमल. ते वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, जवळजवळ दगडच. त्याच्या आत डेंटिन. त्यात साधारण ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय पदार्थ (मुख्यतः कोलॅजनचे धागे) आणि १० टक्के पाणी. शिवाय डेंटिनमध्ये बारीक बारीक नळ्या असतात, दाताच्या जिवंत गाभ्यापासून बाहेरच्या दिशेने जाणाऱ्या. गाभ्याजवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये अशा ४५ हजारांच्या आसपास नळ्या भरतात आणि त्यातून सतत ओल पाझरते. कोकणात ज्यांचं घर आहे त्यांना हे लगेच कळेल. एनॅमल म्हणजे मे महिन्यातली कोरडी भिंत. डेंटिन म्हणजे जुलैतली भिंत, आतून ओल येणारी. पहिलीवर रंग बसतो. दुसरीवर दिवाळीपर्यंत पोपडे येतात.

कोरड्या भिंतीचा प्रश्न आधी सुटला, आणि तो कसा सुटला ते आपल्या प्रत्येक वर्कशॉपमध्ये लिहून लावावं असं आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथे मायकेल बुऑनोकोर नावाचे दंतवैद्यकातले संशोधक होते. कारखान्यांत धातूच्या पत्र्याला रंग देण्याआधी तो फॉस्फोरिक ॲसिडने धुतात, म्हणजे रंग चांगला धरतो, हे त्यांना माहीत होतं. मग दातालाही तसंच केलं तर? त्यांनी ८५ टक्के फॉस्फोरिक ॲसिड ३० सेकंद एनॅमलवर ठेवलं, धुतलं, वाळवलं आणि त्यावर ॲक्रिलिक रेझिन लावलं. ते पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त टिकलं. हे १९५५ मध्ये छापून आलं. ॲसिडने एनॅमलमध्ये सूक्ष्म खाचा पडतात, पातळ रेझिन त्यात शिरतं आणि तिथेच कडक होतं. अक्षरशः हजारो खिळे. आजही दवाखान्यात निळ्या जेलच्या रूपात जे लावतात ते हेच ॲसिड, फक्त आता ३५-३७ टक्क्यांचं. दंतवैद्यकातली एवढी मोठी गोष्ट रंगकामाच्या शॉपफ्लोअरवरून आली! आपण 'इंटरडिसिप्लिनरी' हा शब्द सेमिनारच्या पहिल्या स्लाइडवर टाकतो आणि तिथेच सोडून देतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

दुसरी मोठी पायरी राफेल बोवेन यांची. वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये काम करताना त्यांनी बिस-जीएमए हे रेझिन तयार केलं (पेटंट १९६२ चं) आणि त्यात सिलिकाची पूड मिसळली. पण नुसती मिसळली नाही. आधी त्या कणांवर सिलेनचा थर दिला, म्हणजे कण आणि रेझिन एकमेकांना धरून राहतील. म्हणजे फिलिंगच्या पोटातही प्रश्न जोडाचाच होता.

ओल्या भिंतीचं काय? तिथे स्वित्झर्लंडचे ऑस्कर हॅगर यांनी १९४९ मध्येच एक रेणू वापरून प्रयत्न केला होता, पण तो जोड तोंडातल्या ओलीपुढे टिकणारा नव्हता. खरी वाट जपानमध्ये सापडली. टोकियोच्या ताकाओ फुसायामा यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी डेंटिनवरही ॲसिड लावायचं धाडस केलं. त्या काळी बाहेरच्या देशांत हे म्हणजे पाप समजलं जायचं. दाताचा जिवंत गाभा मरेल, अशी भीती होती. मग १९८२ मध्ये टोकियोच्याच नोबुओ नाकाबायाशी यांनी दाखवलं की ॲसिडने खनिज निघून गेल्यावर कोलॅजनचे धागे मोकळे उरतात, रेझिन त्या धाग्यांत मुरतं आणि अर्धा दात अर्धं रेझिन असा एक नवाच थर तयार होतो. जाडी काही मायक्रॉन. त्याला 'हायब्रिड लेअर' म्हणतात. सिव्हिलवाल्यांनी सळ्यांच्या जाळीत ओतलेलं काँक्रीट डोळ्यांसमोर आणावं.

इथपर्यंत सगळं छान. आता अडचण ऐका.

ॲसिड धुऊन टाकल्यावर धाग्यांची ती जाळी पाण्यावर तरंगत असते. हवेचा झोत मारून वाळवली तर ती वाळलेल्या केसांसारखी एकमेकांवर चिकटून बसते आणि रेझिनला आत शिरायला वाट राहत नाही. नाही वाळवली तर पाणीच रेझिनच्या आड येतं, जोडात पाण्याचे फुगे राहतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन कांका वगैरे मंडळींनी 'ओलसर ठेवा' हा मार्ग सांगितला आणि आकडे एकदम सुधारले. पण ओलसर म्हणजे किती? मी ताईला हेच विचारलं. ती म्हणाली, "पुस्तकात लिहिलंय ओलसर. किती ओलसर ते त्या पेशंटचा दात ठरवतो आणि सिरिंजवरचा माझा अंगठा!"

हा झाला अंदाज नंबर एक.

अंदाज नंबर दोन, फुंकर. बाँड अल्कोहोल किंवा ॲसिटोनमध्ये विरघळवलेला असतो. तो लावल्यावर हवेने ते द्रावक उडवून लावायचं. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं 'हलकी हवा'. हलकी म्हणजे किती? किती लांबून? कमी उडालं तर जोडाच्या आत द्रावक अडकून राहतं आणि तेवढी जागा कमकुवत होते. जोरात मारली तर बाँड कोपऱ्यात गोळा होतो आणि मधला भाग उघडा पडतो.

अंदाज नंबर तीन, दिवा. रेझिन कडक होतं ते निळ्या प्रकाशाने, साधारण ४७० नॅनोमीटरच्या आसपासच्या. दिव्याचं टोक जरा लांब गेलं, जरा तिरकं झालं, टोकाला जुनं रेझिन चिकटलेलं असलं, दिवाच जुना झाला, तर खोल दाढेच्या तळाशी पुरेसा प्रकाश पोचत नाही. वरून सगळं कडक लागतं, तळाशी अर्धं कच्चं. आणि डोळ्यांना हे कळत नाही, कारण निळा उजेड तर तेवढाच दिसतो.

अंदाज नंबर चार, लाळ. जिभेचा एक फटकारा आणि सगळी तयारी पाण्यात, अगदी शब्दशः. यावर उपाय जुना आहे. दाताभोवती ताणून बसवायची रबराची चादर, म्हणजे रबर डॅम. न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांनी तो १८६४ मध्ये काढला. दीडशे वर्षांहून जास्त जुनी वस्तू! पण ती बसवायला वेळ लागतो, पेशंट कुरकुरतो आणि बाहेर रांग वाढत असते.

आणि एवढं सगळं बरोबर जमलं तरी पुढे फिजिक्स उभं आहेच. कडक होताना रेझिन आकसतं, आकारमानाने साधारण २ ते ३ टक्के. दाढेच्या वरच्या खड्ड्याला पाच भिंती असतात, म्हणजे चार बाजू आणि एक तळ, आणि मोकळी बाजू एकच. पाच ठिकाणी चिकटलेलं रेझिन आकसताना ओढणार कुणाला? जोडाला! चिकटलेल्या आणि मोकळ्या पृष्ठभागांच्या या प्रमाणाला 'सी-फॅक्टर' म्हणतात. फाइलझर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये तो मांडला. म्हणून डॉक्टर एकदम भरत नाहीत, दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी भरतात. म्हणजे जोड तयार होतो त्याच मिनिटाला त्याच्यावर पहिला ताण येतो. त्यानंतर कटिंग चहा, त्यावर बर्फाचा गोळा. दात आणि रेझिन सारखे प्रसरण पावत नाहीत, रेझिन दाताच्या दुप्पट-तिप्पट. त्यानंतर मेसची भाकरी. (बघा काका, तुमचा नंबर किती शेवटी आला!)

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येते. नवीन बाँड बाजारात आला की एक आकडा ठळक छापलेला असतो, अमुक मेगापास्कल. हा आकडा येतो कुठून? काढून टाकलेल्या अक्कलदाढा घ्यायच्या, कापून सपाट करायच्या, प्रयोगशाळेत शांतपणे बाँड लावायचा, २४ तास पाण्यात ठेवायचा आणि मशीनवर ओढून तोडायचा. इथे लाळ नाही, जीभ नाही, रांग नाही, सी-फॅक्टर जवळजवळ नाही. लॅब बदलली की त्याच बाँडचा आकडा बदलतो, हे त्या क्षेत्रातले लोक स्वतःच लिहितात.

टिकाऊपणाची परीक्षाही बघा. आयएसओच्या ११४०५ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत ५ अंश आणि ५५ अंश तापमानाच्या पाण्यात आलटून-पालटून ५०० वेळा बुडवायला सांगितलं आहे. गेल आणि डार्व्हेल या दोघांनी १९९९ मध्ये एक अंदाज मांडला की तोंडात वर्षाला साधारण १०,००० अशी चक्रं होत असावीत. तो धरून भागाकार करा. ५०० चक्रं म्हणजे तीन आठवडेसुद्धा नाहीत! आपण सबमिशनच्या आदल्या रात्री असे निष्कर्ष काढले तर सर जर्नल तोंडावर फेकतील.

माझा आक्षेप आकड्याला नाही, सरासरीला आहे. सरासरी ४० मेगापास्कल असलेला बाँड दहापैकी दोन दातांवर १० देत असेल, तर त्या दोन पेशंटांना सरासरीचं काय लोणचं घालायचंय? आपण मटेरियल्सच्या पेपरात वायबुल मॉड्युलस पाठ करतो. तो नेमका हेच सांगतो, की ताकदीचे आकडे किती पसरलेले आहेत. मला सरासरी ३० असलेला पण सगळ्या हातांत, सगळ्या दातांवर २५ च्या खाली न जाणारा बाँड चालेल. (हे सगळे आकडे समजावण्यापुरते आहेत.) तागुचींनी हेच सांगितलं होतं. परिस्थितीतला गोंधळ हटवता येत नसेल, तर वस्तूच अशी बनवा की तिला त्या गोंधळाचा फरक पडणार नाही.

यावर ताईचा प्रश्न होता, "अगं, कंपन्यांनी हे केलंच ना? तीन बाटल्यांची एक बाटली केली!" इथेच खरी गंमत आहे. साधारण २००० नंतर ॲसिड, प्रायमर, बाँड सगळं एकाच बाटलीत, असे बाँड आले. काम झटपट. पण एका बाटलीत सगळं बसवायचं तर त्यात पाणी हवं आणि पाणी ओढणारे रेणूही हवेत. त्यामुळे कडक झाल्यावरही तो थर पाणी झिरपू देतो. टे आणि पॅशली या संशोधकांनी २००२ च्या सुमाराला हे दाखवलं. म्हणजे भिंतीवर डिस्टेंपर लावलं, पण डिस्टेंपरच चाळणीचं! पुढच्या अभ्यासांत जुने तीन पायऱ्यांचे बाँड त्या पहिल्या झटपट बाँडपेक्षा जास्त भरवशाचे ठरले. म्हणजे पायऱ्या गेल्या, पण सोशिकपणा आला नाही.

याउलट दुसरं उदाहरण घ्या. जपानच्या कुरारे कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला १०-एमडीपी नावाचा एक रेणू काढला. त्याचं एक टोक दातातल्या कॅल्शियमला रासायनिक बंधाने धरतं, दुसरं रेझिनला. यावर आधारलेले दोन पायऱ्यांचे 'सेल्फ-एच' बाँड पुढे आले. यात डेंटिनवर वेगळं ॲसिड लावून धुवायचंच नाही. सौम्य आम्ल प्रायमरमध्येच असतं आणि ते तिथेच राहतं. मग धुणं नाही, वाळवणं नाही आणि 'किती ओलसर' हा प्रश्नच शिल्लक राहत नाही! यातल्या एका बाँडची बेल्जियममधल्या लूवेनच्या गटाने तब्बल १३ वर्षं खऱ्या पेशंटांवर पाहणी केली. तीही हिरडीजवळच्या बशीसारख्या खड्ड्यांवर, जिथे फिलिंगला अडकायला कोपरा नसतो आणि सगळी भिस्त जोडावर असते. तरी बहुतांश फिलिंग जागेवर राहिली. पायऱ्या दोन होत्या, एक नव्हे. पण गेला तो सगळ्यात वाईट अंदाज.

म्हणून माझं म्हणणं एका ओळीत असं, की पायऱ्या कमी करू नका, अंदाज कमी करा. साध्या, स्पष्ट, मोजता येणाऱ्या चार पायऱ्या चालतील. 'हलकी', 'ओलसर', 'पुरेसा वेळ' या शब्दांवर उभी असलेली एकच पायरी चालणार नाही. २०११ पासून आलेल्या 'युनिव्हर्सल' बाँडमध्ये बहुतेक ठिकाणी हाच १०-एमडीपी आहे. त्यांच्यासोबत फक्त एनॅमलच्या कडांना वेगळं ॲसिड लावायची पद्धत रुळते आहे, कारण सौम्य आम्ल एनॅमलवर कमी पडतं. एक पायरी वाढली, पण तिचा फायदा स्पष्ट आहे. ही योग्य दिशा आहे असं मला वाटतं.

कुणी म्हणेल, एवढा त्रास कशाला, आपली जुनी 'चांदी' होती ना? बरोबर आहे. आपले आई-बाबा, आजी-आजोबा यांच्या दाढांत काळपट चांदी भरलेली आहे आणि ती वीस-वीस वर्षं टिकलेली दिसते. ती चांदी म्हणजे अमालगम, वजनाने जवळपास निम्मा पारा. ती दाताला चिकटत नाही. खड्डा आत रुंद, तोंडाशी अरुंद कोरतात आणि ती त्यात अडकून बसते. त्यासाठी चांगला दातही कोरावा लागतो, हा तोटा. पण ती सोशिक! थोडी लाळ, थोडी घाई, दिव्याची वीज गेली, काही फरक पडत नाही. मात्र पाऱ्यामुळे ती जाणार आहे. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१३ चा, भारताने तो २०१८ मध्ये मंजूर केला. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून अमालगम जवळजवळ बंद केलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हातल्या बैठकीत करारातल्या देशांनी २०३४ पर्यंत ते संपवायचं ठरवलं. निर्णय योग्यच आहे. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. गरिबाच्या तोंडातलं सगळ्यात सोशिक फिलिंग जाणार आणि त्याच्या जागी सगळ्यात नाजूक जोडावर उभं असलेलं फिलिंग येणार. एसी दवाखान्यात एका पेशंटला पाऊण तास देणाऱ्या डॉक्टरांचं काही बिघडणार नाही. बिघडेल ते सरकारी ओपीडीतल्या त्या खुर्चीवर, जिथे ताईसारखी एखादी इंटर्न सकाळपासून उभी असते आणि दारात रांग असते. तिथे जोड सुटला की पेशंट दुसऱ्यांदा फिलिंगला येत नाही. तो दात काढायला येतो. एका दिवसाची मजुरी बुडवून दोनदा कोण येणार?

ग्लास आयोनोमर हा एक पर्याय आहे, हे मान्य. विल्सन आणि केंट यांनी लंडनमध्ये शोधलेलं हे सिमेंट १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे आलं. ते ओल्या दाताला स्वतःहून रासायनिक पद्धतीने चिकटतं, फ्लोराइड सोडतं, आणि टांझानियात १९८० च्या दशकात फक्त हातातल्या हत्यारांनी, विजेशिवाय फिलिंग करण्याची जी पद्धत सुरू झाली ती पुढे याच सिमेंटवर उभी राहिली. सोशिकपणाचं हे उत्तम उदाहरण. पण चावण्याच्या जोराखाली, मोठ्या खड्ड्यात ते रेझिनपेक्षा लवकर झिजतं आणि फुटतं. म्हणजे आज आपल्यापुढे घट्ट पण नाजूक, आणि सोशिक पण कच्चं, असे दोन पर्याय आहेत. मधली जागा रिकामी आहे. संशोधन व्हायला हवं ते तिथे.

आणि हे बाहेरच्या देशांवर सोडून चालणार नाही, कारण आपले दात वेगळ्या पाण्यावर वाढलेत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकानुसार ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोत नसेल तर फार तर १.५. लहानपणी असं पाणी प्यायलं की दातांवर पांढरे-तपकिरी डाग येतात. आपल्या होस्टेलमध्येही असे मित्रमैत्रिणी आहेत जे फोटोत तोंड मिटून हसतात. या डागांचा त्यांच्या ब्रश करण्याशी काहीही संबंध नाही, एवढं तरी आपण त्यांना चिडवण्याआधी समजून घ्यावं. अशा एनॅमलचा वरचा थर ॲसिडला दाद देत नाही. तीव्र फ्लोरोसिस असेल तर ॲसिड जास्त वेळ ठेवावं लागतं. किती जास्त? पुन्हा अंदाज! माहितीपत्रकातले सेकंद चांगल्या एनॅमलचे असतात, पांढरकवड्याच्या दाताचे नव्हे. या दातांवर काम आपण नाही करायचं तर कुणी करायचं?

म्हणून आपल्या कॉलेजला माझी एक मागणी आहे. दरवर्षी बी.ई.चे प्रोजेक्ट ठरताना तेच ते ट्रॅफिक सिग्नल, तेच ते लाइन फॉलोअर रोबो पुढे सरकतात. त्याऐवजी जवळच्या एखाद्या डेंटल कॉलेजशी रीतसर बोलून दोन-तीन विषय घ्या. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी, निळ्या दिव्याचा प्रकाश मोजणारा स्वस्त मीटर. फोटोडायोड, फिल्टर आणि एक मायक्रोकंट्रोलर एवढ्यात काम सुरू होतं. प्रमाणित मीटरशी जुळवून घेतलं की ओपीडीतल्या प्रत्येक खुर्चीवर ठेवता येईल, आणि अंदाज नंबर तीन संपला. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांसाठी, ठरलेल्या दाबाची, ठरलेल्या सेकंदांची हवा सोडणारा छोटा व्हॉल्व्ह. अंदाज नंबर दोन संपला. आमच्यासाठी, मेकॅनिकलसाठी, गरम-थंड पाण्यात दहा हजार चक्रं करणारं आणि सोबत चावण्याचा जोर देणारं मशीन. आणि सगळ्यांनी मिळून तागुचीच्या कोष्टकाने एक प्रयोग: ओल कमी-जास्त, फुंकर कमी-जास्त, प्रकाश कमी-जास्त, लाळ आहे-नाही. कुठला बाँड कशाला किती घाबरतो, ते एका तक्त्यात. यात नोबेल मिळणार नाही. पण ताईला सकाळी कुठली बाटली उघडायची ते कळेल.

स्टाफमधल्या सरांना-मॅडमना एवढीच विनंती, की 'हे आपल्या सिलॅबसमध्ये नाही' असं म्हणू नका. पत्र्याला रंग देणं दातांच्या सिलॅबसमध्ये कुठे होतं?

आणि होस्टेलच्या मित्रमैत्रिणींनो, मटेरियल सुधारेल तेव्हा सुधारेल. तोपर्यंत फिलिंगला जाल तेव्हा परीक्षेच्या मधल्या सुट्टीत, अर्ध्या तासात उरकायला म्हणून जाऊ नका. "डॉक्टर, लवकर होईल ना?" हा प्रश्न विचारू नका. डॉक्टर रबर डॅम लावत असतील तर तोंड वाकडं करू नका, आणि लावत नसतील तर लावता येईल का, असं नम्रपणे विचारा. खड्डा लहान असतानाच जा, कारण लहान खड्ड्याचा जोड लहान आणि सांभाळायला सोपा. तोंड उघडं ठेवून बसायची ती जास्तीची पंधरा मिनिटं कंटाळवाणी असतात, खरं आहे. पण जोड बनतो तो त्याच पंधरा मिनिटांत.